घर-नोकरी सांभाळून आध्यात्मिक वाचन कसं करता? आणि प्रापंचिकाने पवित्र व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पापडीची_सून

जय येशू सगळ्यांना. राखेच्या बुधवारी आमच्या फादरांनी प्रवचनात सांगितलं की उपवासकाळात नुसतं मटण-चिकन सोडून भागत नाही, रोज थोडं तरी आध्यात्मिक पुस्तक वाचा, कारण पवित्र होण्याचं बोलावणं फक्त फादर-सिस्टरांना नाही, प्रत्येक प्रापंचिकाला आहे. ते मनाला फार लागलं. म्हणून इथे विचारतेय, कारण चर्चमधून बाहेर पडल्यावर अशा गोष्टी कुणाशी बोलायला मिळत नाही.

माझं रोजचं असं आहे की सकाळी वसईहून लोकल, अंधेरीला ऑफिस, परत घरी यायला साडेसात-आठ. दोन मुलं. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून त्यांचं बहुतेक सगळं अंथरुणावरच, दिवसा बाई असते, संध्याकाळपासून मी. नवरा चांगला आहे पण त्याची शिफ्ट असते.

सगळे म्हणतात म्हणून इमिटेशन ऑफ ख्राइस्ट हे जुनं भक्तिपर पुस्तक घेतलं. सुरुवातीला आवडलं, पण पहिल्या भागात एकांताचं आणि मौनाचं प्रकरण आहे तिथे अडकले. त्यात म्हटलंय की माणसांत जाऊन आलं की दरवेळी आपण थोडे कमी माणूस होऊन परततो, म्हणून आपल्या खोलीत राहावं. आता माझा अख्खा दिवस माणसांत जातो, लेडीज डब्यात तर पाय ठेवायला जागा नसते. मग हे आपल्यासाठी आहे की नाही?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की मी पुस्तक घेऊन बसते, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई हाक मारतात किंवा धाकटीचं गणित अडतं, आणि मला अशी चीड येते ना की विचारू नका, एकदा तर मुलीवर ओरडलेच. देवाचं पुस्तक हातात असताना घरच्यांचा राग यावा याचं फार वाईट वाटतं. त्यापेक्षा न वाचलेलं बरं का? कुठलं पुस्तक घ्यावं, कसं वाचावं, जमलं तर मराठीत काही असेल तर सांगा. इंग्रजी वाचता येतं पण दिवसभर ऑफिसचं इंग्रजी झाल्यावर रात्री डोकं चालत नाही.

---

धर्मशिक्षक_नगर

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला लगेच संत फ्रान्सिस डी सेल्स आठवले, कारण त्यांनी हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी हातात घेतला होता. हे जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा तेव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्यामुळे राहायला आनसीला. त्यांच्या नात्यातल्या एका गृहस्थाची बायको, मादाम द शार्म्वाझी, ही संसारात राहूनच देवाच्या जवळ कसं जावं असं विचारत होती, तिला त्यांनी वेळोवेळी लिहून दिलेला उपदेश तिने एका येशूसंघीय फादरांना दाखवला, त्यांनी आग्रह धरला की हे छापलंच पाहिजे, आणि १६०९ मध्ये इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ बाहेर आलं. म्हणजे हे पुस्तक मुळात मठातल्या माणसासाठी लिहिलेलंच नाही, ते एका घरंदाज बाईसाठी, जिला घर होतं, नवरा होता, समाजात उठबस होती, अशा बाईसाठी लिहिलंय. इमिटेशन लिहिलं ते थॉमस ए केम्पिस यांनी पंधराव्या शतकात, ते हॉलंडमध्ये झ्वोलेजवळच्या मठात राहायचे आणि नवशिक्या व्रतस्थांना शिकवायचे. खोलीत राहा हा उपदेश त्या मुलांना आहे. तुम्हाला तिथे अडखळायला झालं यात नवल काही नाही.

डी सेल्सच्या पुस्तकाच्या पहिल्या भागाचं तिसरं प्रकरण तुम्ही आधी वाचा. त्यात ते म्हणतात की बिशपने कार्थुसियन मठवाशासारखं एकांतात राहायचं ठरवलं, लग्न झालेल्या माणसाने गरिबीचं व्रत घेतलेल्या कॅपुचिन साधूंसारखं पैशाकडे बघायचंच नाही म्हटलं, कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती वेडीवाकडी आणि असह्य होईल. आणि पुढे ते अगदी स्पष्ट लिहितात की जी भक्ती आपल्या रीतसर कर्तव्याच्या आड येते ती खरी भक्तीच नव्हे. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, राजाच्या दरबारातून, संसारी माणसाच्या घरातून भक्तीला हाकलायला बघणं त्यांना थेट पाखंड वाटतं. १६०९ साली एका बिशपने हे लिहिलंय!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ ला चर्चविषयीचा लुमेन जेन्सियुम हा दस्तऐवज मंजूर केला, त्याचा पाचवा अध्याय सगळाच्या सगळा पवित्रतेच्या सार्वत्रिक बोलावण्यावर आहे. तुमच्या फादरांचं प्रवचन तिथूनच आलं असणार. पण त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी डी सेल्स हे सांगत होते हे लोकांना माहीत नसतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, आपल्याकडे नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पत्रिका भरपूर वाटल्या जातात पण हे पुस्तक कुणाच्या हातात देत नाहीत.

आता कसं वाचायचं. दुसऱ्या भागाचं सतरावं प्रकरण बघा. तिथे ते म्हणतात की जवळ नेहमी एखादं चांगलं पुस्तक असू द्या आणि रोज थोडंसंच वाचा, पण असं वाचा की जणू संतांनी स्वर्गातून तुम्हाला पत्र पाठवलंय. आणि मनन कसं संपवायचं तर बागेत फिरून आल्यावर माणूस चार-पाच फुलं हातात घेऊन निघतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे एक-दोन विचार उचलायचे आणि दिवसभर जवळ ठेवायचे. लोकलमध्ये उभं राहून पुस्तक उघडायला जागा नसली तरी हे जमतं. सकाळी निघण्याआधी अर्धं पान वाचायचं, त्यातलं एक वाक्य घेऊन निघायचं, नायगाव-भाईंदर-मिरारोड ते मनात घोळवायचं, आणि त्या वाक्यातून आज ऑफिसात किंवा घरी करायची एक गोष्ट ठरवायची. एकच. मनन झाल्यावर नुसतं छान वाटून उपयोग नाही, त्या दिवसापुरता ठोस निश्चय पाहिजे यावर डी सेल्स फार जोर देतात.

---

मीरारोड_जे

एवढं सगळं पुस्तक-बिस्तक कशाला, रोजच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं आहेत ना. शुभवर्तमान वाचा, पाच मिनिटं गप्प बसा, झालं. फ्रान्सची छोटी संत तेरेजा, जिला ‘छोटं फूल’ म्हणतात, तिने स्वतः लिहून ठेवलंय की बाकीच्या पुस्तकांनी मन कोरडं राहायचं पण शुभवर्तमानात तिला लागेल ते सगळं मिळायचं.

पोप फ्रान्सिस यांचं पवित्रतेवरचं २०१८ चं पत्र गौदेते एत एक्सुलताते मात्र जरूर बघा. त्यात सोळाव्या परिच्छेदात एका बाईचं उदाहरण आहे, बाजारात जाते, शेजारीण भेटते, चुगल्या सुरू होतात, ती मनात म्हणते नाही, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी येते, मुलाला काहीतरी सांगायचं असतं, ती दमलेली असते तरी त्याच्यापाशी बसून नीट ऐकते. मग जीवाला घोर लागतो तेव्हा रोझरी हातात घेते. मग रस्त्यात गरीब माणूस भेटतो, थांबून दोन शब्द बोलते. पोप म्हणतात यातलं प्रत्येक म्हणजे पवित्रतेकडे एक पाऊल. तुम्ही जे विचारलंय त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

---

गिरीजकर

इमिटेशनबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. मी ते कॉलेजपासून वाचतोय आणि मला वाटतं त्याला मठाचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नये. एकांताचं प्रकरण सोडून द्या खुशाल, पण त्याच पहिल्या भागाचं सोळावं प्रकरण काढा, दुसऱ्यांचे दोष सहन करण्याबद्दल. त्यात एक प्रश्न आहे की तुला स्वतःला हवं तसं घडवता येत नाही, तर दुसरा तुझ्या मनासारखा वागेल असं कसं धरून चालतोस. हे वाक्य मठात जेवढं लागू तेवढंच सासू-सून, नवरा-बायको, बॉस-क्लार्क सगळीकडे लागू. मठात पण माणसंच राहतात, तीच ती चाळीस तोंडं मरेपर्यंत रोज बघायची, त्यामुळे एकमेकांना सहन करणं हे थॉमसला आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असणार. अकराव्या प्रकरणात म्हटलंय की वर्षाला एक दोष जरी मुळापासून उपटला असता तरी आपण लवकर पूर्ण झालो असतो. वर्षाला एक! मला हे फार धीर देणारं वाटतं. आपण उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत दहा गोष्टी सुधारायला जातो आणि दुसऱ्या आठवड्यात सगळं सोडून देतो.

आणि चौथा भाग पूर्ण पवित्र साक्रामेंतावर, म्हणजे ख्रिस्तप्रसादावर आहे, तो मी कम्युनियनच्या आधी थोडा थोडा वाचतो. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस, त्याला हे पुस्तक आयुष्यभर प्रिय होतं, छोट्या तेरेजाला जवळजवळ पाठ होतं, तिची मामी मध्येच कुठलंही पान उघडायची आणि ही पुढचं म्हणून दाखवायची. तेव्हा टाकू नका. फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका एवढंच.

इग्नेशियसची गोष्ट माहीत असेलच, पण या विषयात सांगण्यासारखी आहे म्हणून सांगतो. १५२१ ला पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, घरी पडून राहावं लागलं, त्याला वाचायला हव्या होत्या शूरवीरांच्या कादंबऱ्या, त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं दिली. तेव्हा तो व्रतस्थ वगैरे काही नव्हता, सरळ दरबारी शिपाईगडी. त्याच्या लक्षात आलं की लढायांची आणि बायकांची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं करावं असा विचार केला की तो गेल्यावरही आनंद राहतो. एवढ्या एका निरीक्षणावर त्याची पुढची सगळी साधना उभी आहे. वाचल्यानंतर तासाभराने मनाची काय अवस्था आहे हे बघायचं, मला वाटतं पुस्तक आपल्याला चालतंय की नाही याची याहून चांगली कसोटी नाही.

---

जुना_सुवार्ता_वाचक

पोरी, तू मराठीत विचारलंस म्हणून लिहितो. आमच्या वेळी घरात सुवार्ता मासिकाचा अंक यायचा आणि जेवण झाल्यावर कुणीतरी मोठ्याने वाचायचं, ज्याला ऐकायचं तो ऐकायचा, बायका भाजी निवडत ऐकायच्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक होते तेव्हाचे अंक अजून कुणाकुणाच्या माळ्यावर सापडतील. त्यांचं सुबोध बायबल घे, मराठी सोपं आहे आणि टिपा दिलेल्या आहेत, समजून वाचता येतं. शुभवर्तमानासाठी मी अजून तेच वापरतो.

आणि आपल्या माणसांना एक गोष्ट कळली पाहिजे की भक्तीचं वाचन आपल्याकडे मुळात एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ ला गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ ला राचोलला छापलं. दहा हजारांच्या वर ओव्या. ते गाऊन, मोठ्याने वाचून ऐकण्यासाठीच होतं, ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही कानावर पडावं म्हणून. आता त्याचं जुनं मराठी तुला अवघड जाईल, पण दुःखसहनाचा भाग या दिवसांत कुणाकडून म्हणवून घे, कळो न कळो, कानाला गोड लागतं.

तर माझं म्हणणं असं की सासूबाई हाक मारतात तर पुस्तक घेऊनच त्यांच्याजवळ जा. त्यांना वाचून दाखव. अंथरुणावर पडलेल्या माणसाला दिवस किती मोठा असतो हे मला ठाऊक आहे, माझी मंडळी गेली त्याआधी बरेच महिने पडून होती. त्यांना मिस्साला जाता येत नसेल, रविवारी कम्युनियन घरी येत असेल तेवढंच. छोट्या तेरेजाच्या घरीसुद्धा असंच होतं, संध्याकाळी बाप-लेकींचा चेकर्सचा डाव झाला की मोठ्या बहिणींपैकी एक जण पूजावर्षावरचं पुस्तक वाचायची, मग दुसऱ्या एखाद्या चांगल्या पुस्तकातली काही पानं, आणि तेरेजा बापाच्या मांडीवर बसून ऐकायची. मग सगळे मिळून रात्रीची प्रार्थना. तिने आत्मचरित्रात लिहिलंय ते.

---

पापडीची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, तुमचं काल रात्री करून बघितलं. मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय काढला, पक्षघाती माणसाचा, चौघं त्याला खाटेसकट छप्पर उसकटून खाली सोडतात तो. मनात धाकधूक होती की सासूबाईंना स्वतःच्या आजाराचं ऐकून वाईट वाटेल. त्या डोळे मिटून होत्या, मला वाटलं झोपल्या. संपल्यावर त्यांनी बोबड्या आवाजात विचारलं, मग ते छप्पर नंतर दुरुस्त कुणी केलं? धाकटी तिथेच होती, ती म्हणाली त्या चौघांनीच केलं असणार आजी. मग दोघींचं त्यावर बोलणं सुरू झालं, चौघं कोण असतील, शेजारी की भाऊ. गणित राहिलंच, पण राहू दे.

पण माझा दुसरा प्रश्न आहेच. मला स्वतःसाठी, एकटीसाठी पण थोडं वाचायचं असतं, आणि तेव्हा कुणी हाक मारली की राग येतोच. आणि राग आला की मग अपराधी वाटतं, रात्री झोप लागत नाही, कन्फेशनला तेच तेच सांगायचं. शिक्षकदादा म्हणतात कर्तव्याच्या आड येते ती खरी भक्ती नव्हे, मग माझी भक्ती खोटी आहे का?

---

तीन_लेकरांची_आई

अगं खोटी कसली! तुला संत फ्रान्सिस्का माहीत आहे का, रोमची? ९ मार्चला सण असतो तिचा, म्हणजे बहुतेक वेळा उपवासकाळातच येतो. ही १३८४ ची, लग्न लहानपणीच लावून दिलेलं, तिला खरं तर मठात जायचं होतं. नवऱ्याचं नाव लोरेन्झो, मोठं घर, नोकरचाकर, त्यात रोमवर हल्ले, दुष्काळ, प्लेग, पोटची मुलं गेली. तिच्याबद्दल पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत की ती मरीयेच्या प्रार्थना म्हणायला बसली की नवऱ्याची हाक यायची, ती उठून जायची, परत येऊन तीच ओळ सुरू करायची, पुन्हा हाक. असं चारदा झालं, आणि शेवटी परत आली तर ती ओळ सोन्याच्या अक्षरात लिहिलेली. तिच्या नावावर एक म्हणणं पण आहे की लग्न झालेल्या बाईला कधी कधी वेदीवरच्या देवाला सोडून घरकामातल्या देवाकडे जावं लागतं. दंतकथा म्हण हवं तर, पण मला त्यातलं एक फार आवडतं की ती ओळ तिने सोडली नाही. उठून गेली आणि परत येऊन पुन्हा तीच धरली. म्हणजे हाकेला जाणं पण खरं आणि परत पुस्तकाकडे येणं पण खरं.

आणि रागाचं म्हणशील तर डी सेल्सच्याच तिसऱ्या भागाचं नववं प्रकरण वाच, स्वतःशी सौम्यपणे वागण्याबद्दल. आपण चुकलो म्हणून स्वतःवर संतापायचं आणि मग संतापलो म्हणून अजून संतापायचं, हे त्यांना अजिबात मान्य नाही, ते म्हणतात यात पश्चात्तापापेक्षा अहंकारच जास्त असतो. त्यापेक्षा आपल्या मनाला समजावायचं की बघ बाबा, ज्या खड्ड्यात पडायचं नाही असं ठरवलं होतं त्यातच पडलो, चल ऊठ, देवाची दया माग आणि पुढे चालू लाग. मला स्वतःला या एका प्रकरणाने जेवढं सावरलंय तेवढं कशाने नाही. रात्र रात्र जागून स्वतःला दोष देऊ नकोस गं. एखाद्या ओळखीच्या फादरांशी सावकाश बसून बोल, नुसतं कन्फेशनच्या रांगेत दोन मिनिटात नको.

छोट्या तेरेजाची आई झेली मार्टिन वाच. तिची दोनशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. आलाँसाँला लेस बनवायचा तिचा स्वतःचा धंदा, हाताखाली बायका कामाला, ऑर्डर वेळेत द्यायच्या, नऊ बाळंतपणं, त्यातली चार मुलं लहानपणीच गेली, शेवटी छातीचा कॅन्सर, १८७७ ला गेली, तेरेजा तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांची. पत्रांत काय आहे तर मुलांचे दात, मोलकरणीची कटकट, गिऱ्हाईकांची घाई, थकवा, आणि मध्येच देव. एका पत्रात मुलींना लिहिते की मला संत व्हायचंय पण सोपं नाही, फोडायला लाकडं पुष्कळ आहेत आणि ती दगडासारखी टणक आहेत, आधीच सुरुवात करायला हवी होती, पण उशिरा का होईना. आणि १८ ऑक्टोबर २०१५ ला तिला आणि नवऱ्याला, लुईला, एकत्र संत जाहीर केलं, नवरा-बायको दोघांना एकाच वेळी संतपद मिळालेलं चर्चच्या इतिहासात हे पहिलंच.

---

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, पॅरालिसिसचे पेशंट रोज बघते, त्यामुळे मला वेगळं बोलायचंय आणि कुणाला लागलं तर लागू दे.

वरची सगळी उत्तरं सुंदर आहेत पण त्यांत एक धोका आहे. घरचं कर्तव्य हीच पवित्रता असं म्हणत म्हणत सगळं त्या एका बाईच्या अंगावर टाकायचं, आणि ती थकून चिडली की तिला सहनशीलतेचं प्रकरण वाचायला द्यायचं, हे बरोबर नाही. आठ वाजता घरी आलेली बाई, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पेशंटला कूस बदलून देणं, त्यानंतर तिला राग येतो याचं एक कारण साधं आहे की ती दमलीय. दमलेल्या माणसाला आधी झोप आणि मदत लागते. छोटी तेरेजा स्वतः प्रार्थनेत डुलक्या घ्यायची आणि त्याचं तिने मनाला लावून घेतलं नाही, ती म्हणायची लेकरं झोपलेली असोत की जागी, आईबापाला सारखीच प्रिय.

झेलीचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. तिच्या नवऱ्याचं घड्याळांचं दुकान होतं, लुईने १८७० मध्ये ते भाच्याकडे सोपवलं आणि बायकोच्या लेसच्या धंद्यात हात घातला, हिशोब आणि फिरती त्याच्याकडे. त्या दोघांना एकत्र संत केलं ते उगाच नाही. पवित्रतेचं बोलावणं ताईंच्या नवऱ्याला पण आहे की नाही? त्यांची शिफ्ट असते मान्य, पण ज्या दिवशी ते घरी असतील त्या दिवशी आईजवळ ते बसू शकतात, धाकटीचं गणित घेऊ शकतात.

पॅरिसच्या कार्मेल मठातला ब्रदर लॉरेन्स, त्याची छोटी पुस्तिका सगळे वाचतात, देवाच्या सान्निध्यात राहण्याबद्दलची. तो आधी सैनिक, मग मठाच्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं, आणि ते काम त्याला मुळात नावडतं होतं. भांडी-कढयांत देव सापडला तो एका पुरुषाला, हे आपल्या चर्चमधल्या पुरुष मंडळींनी जरा ध्यानात घ्यावं.

---

तीन_लेकरांची_आई

नाईट ड्युटी, शंभर टक्के पटलं. मी लिहायला हवं होतं ते तू लिहिलंस. ताई, नवऱ्याशी बोल, आणि रागाच्या भरात नको, रविवारी मिस्साहून येताना बोल.

---

धर्मशिक्षक_नगर

नाईट ड्युटी यांचा मुद्दा रास्त आहे आणि डी सेल्सच्या विरोधातही नाही. कर्तव्य म्हणजे ज्याचं त्याचं कर्तव्य, दुसऱ्याचं आपल्या डोक्यावर घेऊन बसणं नव्हे. ताईंना मी जे सांगितलं तेच त्यांच्या मिस्टरांनाही सांगेन, शिफ्टला जातानाही एक वाक्य घेऊन जाता येतं.

ताई, भक्ती खोटी का, हे तुम्ही विचारलंत. नाही. चीड येणं हे मनात उठतं, त्यावर आपला ताबा नसतो, आपल्या हातात असतं ते पुढचं. तुम्ही उठून गेलात ना? मग झालं. ओरडलात त्या दिवशी मुलीला जवळ घेऊन सॉरी म्हणा, तेवढं पुरे आहे, त्यावर आठवडाभर मनाला खाऊ देऊ नका. आणि एकटीसाठी वेळ हवा असं वाटणं यात स्वार्थ नाही. आव्हिलाची संत तेरेजा, ही तर प्रार्थनेची मोठी गुरू, तिने लिहिलंय की अठरा वर्षं, कम्युनियननंतरचा वेळ सोडला तर, हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची तिची हिंमत व्हायची नाही, पुस्तक नसलं की मन भरकटायचं. तिला पुस्तकाची एवढी गरज होती तर आपल्याला असणारच.

आणि भारतातलं उदाहरण हवं तर देवसहायम पिल्लै. त्रावणकोरच्या राजदरबारातला अधिकारी, बायको-संसार असलेला माणूस, १७४५ ला बाप्तिस्मा घेतला, छळ झाला, १७५२ ला गोळ्या घालून मारला. १५ मे २०२२ ला संत जाहीर झाला, भारतातला पहिला प्रापंचिक संत. आणि तुमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया, तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला पण त्याआधी जपानमध्ये चक्क व्यापार करत होता, १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मेला. फादर तो कधीच नव्हता.

---

पापडीची_सून

नाईट ड्युटी ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून डोळ्यात पाणी आलं. ते मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत लगेच, मग म्हणाले मंगळवार-गुरुवार मी घरी असतो, आईचं रात्रीचं मी बघेन, तू वाच. वाचन मी पण ऐकेन म्हणाले, बघू.

शिक्षकदादा, ते डी सेल्सचं पुस्तक मराठीत मिळेल का? आणि सुरुवात पहिल्या पानापासून करू की मधून? इमिटेशनसारखं अडकायला नको. गिरीजकर, सोळावं प्रकरण काढून ठेवलंय, शनिवारी वाचते.

---

धर्मशिक्षक_नगर

मी इंग्रजीच वापरतो. पुस्तक इतकं जुनं आहे की इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) लायब्ररीत विचारा, वसईत एवढी चर्चेस आहेत, कुठल्या तरी कपाटात असेलच.

पहिल्या पानापासून नको. पहिल्या भागात पहिली काही प्रकरणं सोपी आहेत, पण पुढे मरण, न्याय, नरक अशी ओळीने दहा मननं आहेत, ती चांगली आहेत पण एखाद्या निवांत रिट्रीटमध्ये करायची, आठ वाजता दमून आल्यावर नाही. पहिल्या भागातलं तिसरं प्रकरण वाचा, मग सरळ तिसऱ्या भागावर जा. तिथे छोट्या छोट्या सद्गुणांबद्दल आहे, धीर, सौम्यपणा, कामं घाई-गडबड न करता काळजीपूर्वक करणं, रोजच्या उपयोगाचं. प्रकरणं लहान आहेत. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर मी आमच्या संडे स्कूलच्या पालकांसाठी तिसऱ्या भागातल्या नवव्या आणि दहाव्या प्रकरणाचा मराठी सारांश करून ठेवलाय, हाताने लिहिलेला आहे, फोटो काढून उद्या इथे टाकतो. अक्षर वाचता आलं नाही तर सांगा, टाईप करून देईन.